स्पॅम रोज रूप बदलतो, मग आपला फिल्टर काय करतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले काही आंबा बागायतदार, काही होमस्टेवाले आणि एक छोटी पतसंस्था यांचा मेल सर्व्हर आम्ही तिघं मिळून सांभाळतो. स्पॅम अडवायला ओपन सोर्स फिल्टर वापरतो, म्हणजे ज्याचं आतलं काम कोणालाही फुकट बघता आणि बदलता येतं असा. आधी बरीच वर्षं स्पॅमॲसॅसिन होता, आता बहुतेक ठिकाणी आरस्पॅमडी आहे. मार्चमध्ये पेट्या वाशीला जायला लागल्या की चौकशीचे मेल वाढतात, त्यांच्या पाठोपाठ स्पॅमही वाढतो, आणि मग आमचे फोन वाजायला लागतात. त्या फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे लिहून ठेवले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे थोडक्यात सांगितलं की गैरसमज होतो असा आमचा अनुभव आहे.

फिल्टर आमचे मेल वाचतो. म्हणजे तुम्हीही वाचता का?

नाही. मेल आला की प्रोग्राम तो तपासतो, गुण देतो आणि पुढे सोडतो. त्याच्या आठवणीत तुमची पत्रं राहत नाहीत, शब्दांच्या मोजण्या राहतात: हा शब्द चांगल्या मेलमध्ये किती वेळा आला, स्पॅममध्ये किती वेळा. स्पॅमॲसॅसिन तर शब्दही जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा सांकेतिक ठसा ठेवतो. आम्हाला नोंदवहीत दिसतं ते एवढंच: कुठून आला, कधी आला, किती गुण पडले, कोणत्या नियमांमुळे पडले. सर्व्हर ज्याच्या हाती असतो त्याला मेल उघडणं तांत्रिकदृष्ट्या शक्य असतं, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून तुम्ही स्वतः एखादा मेल तपासायला पाठवलात तरच तो आम्ही उघडतो.

गुण कसे पडतात?

एका कारणावरून कुणाला दोषी ठरवायचं नाही, हा या फिल्टरांचा पाया आहे. जस्टिन मेसन यांनी २००१ मध्ये स्पॅमॲसॅसिन लोकांसाठी खुला केला तेव्हापासून हीच पद्धत आहे. शेकडो छोट्या तपासण्या होतात आणि प्रत्येक तपासणी थोडे गुण वाढवते किंवा कमी करते. बेरीज पाचावर गेली की मेल स्पॅम. आरस्पॅमडीमध्ये पायऱ्या आहेत. मूळ सेटिंगमध्ये चार गुणांना मेल थोडा थांबवून ठेवतो, सहाला त्यावर स्पॅमची खूण लागते, पंधराला दारातूनच परत जातो.

त्यामुळे 'फ्री' हा शब्द लिहिला म्हणून मेल अडकला, असं सहसा होत नाही. पण 'फ्री' आहे, सर्व्हरला धड नाव नाही, मजकूर नुसत्या चित्रात आहे, पाठवणारा पत्ता एक आणि उत्तर जाणारा पत्ता दुसरा, असं सगळं एकत्र आलं की बेरीज चढते. आमच्या एका गुहागरच्या होमस्टेच्या वहिनी विचारायच्या, "ऑफरचा मेल केला तर आम्ही अडकणार का?" नीट ठिकाणाहून नीट पाठवला तर नाही.

कालपर्यंत अडकणारा स्पॅम आज आत कसा आला?

कारण पाठवणाऱ्याने तो बदलला. बागायतदारांना हे आम्ही तुडतुड्याच्या, म्हणजे आंब्याच्या मोहोरावरच्या किडीच्या, भाषेत सांगतो. एकच औषध दरवर्षी मारत राहिलं की तुडतुडा त्याला दाद देईनासा होतो, म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या मोहोर संरक्षणाच्या वेळापत्रकात फवारणीगणिक औषध बदलतं. स्पॅमचं असंच आहे. फरक इतकाच की तुडतुड्याला पिढ्या लागतात आणि स्पॅमवाल्याला एक दुपार पुरते.

पहिला नोंदलेला व्यापारी स्पॅम ३ मे १९७८ चा. गॅरी थर्क या विक्रेत्याने अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना संगणकाच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण पाठवलं. त्याने काही लपवलं नव्हतं, लपवालपवी पुढे सुरू झाली. फिल्टर शब्द पकडायला लागले तेव्हा स्पॅमवाल्यांनी शब्द मोडले: अक्षरांच्या जागी आकडे, मध्ये टिंबं, मध्ये मोकळी जागा. असे मोडलेले शब्द ओळखणारे नियम आले. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी संख्याशास्त्राने स्पॅम ओळखायची पद्धत मांडली. शब्दांची यादी माणसाने करायची नाही, आलेल्या मेलवरून प्रोग्रामनेच शिकायची. ही कल्पना आधीही मांडली गेली होती, पण ती घरोघरी पोहोचली तेव्हापासून. त्यावर स्पॅमवाल्यांनी मेलच्या तळाशी गोष्टींतले उतारे, बातम्यांतली वाक्यं पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत चिकटवायला सुरुवात केली. चांगल्या शब्दांची भर घालून गुण पातळ करायचे, हा हेतू.

२००६-०७ च्या सुमारास चित्रांचा पूर आला. सगळी जाहिरात एका चित्रात, आणि प्रत्येक चित्रात दोन-चार ठिपके वेगळे, म्हणजे ठसा जुळायला नको. त्यावर चित्रातली अक्षरं वाचणारी जोडणी (प्लगइन) कोणीतरी लिहिली. मग मजकूर पीडीएफमध्ये गेला. मग लहान केलेल्या लिंकमागे लपला. मग लोकांच्या विश्वासातल्या मोठ्या कंपन्यांच्या फाइल ठेवायच्या जागेवर गेला, कारण ते डोमेन, म्हणजे पत्त्यातलं कंपनीचं नाव, कोणी सरसकट बंद करू शकत नाही. आता क्यूआरची चौकट येते. मेलमध्ये लिंकच नसते, त्यामुळे लिंक शोधणाऱ्याला काही सापडत नाही. माणूस ती चौकट स्वतःच्या मोबाइलने स्कॅन करतो आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरला असलेलं सगळं संरक्षण तिथेच मागे राहतं. पतसंस्थेतल्या कर्मचाऱ्यांना आम्ही सांगतो: मेलमधून आलेली क्यूआर चौकट स्कॅन करायची नाही. याला अपवाद ठेवलेला नाही.

यातून फिल्टर लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट ओळखली. मजकूर बदलणं फुकट आहे, पण पाठवण्याची जागा, डोमेनचं वय, सही, सर्व्हरची वागणूक बदलायला पैसे आणि वेळ लागतो. म्हणून आजचा फिल्टर काय लिहिलंय यापेक्षा कोण, कुठून आणि कसं पाठवतोय हे जास्त बघतो. नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या मॅकोलो या एका होस्टिंग कंपनीची जोडणी तोडली गेली, तेव्हा जगभरचा स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आला. काही महिन्यांत तो पुन्हा चढला, पण मुळाशी पाठवणाऱ्या जागा किती थोड्या असतात ते तेव्हा सगळ्यांना दिसलं.

शब्द थोडे बदलून तोच मेल लाखोंना पाठवणाऱ्यांसाठी आरस्पॅमडीत अंदाजी ठसे आहेत. तीन-तीन शब्दांच्या साखळ्या करून मेलचा ठसा काढतात. नाव बदललं, एखादी ओळ बदलली तरी बाकीच्या साखळ्या जुळतात. रेझर, पायझर आणि डीसीसी या जुन्या सोयीही अशाच सामुदायिक ठशांवर चालतात.

नियम सगळ्यांना उघडे आहेत. मग ते स्पॅमवाल्यांनाही दिसतात ना?

दिसतात. आणि ते पाठवण्याआधी आपला मेल स्पॅमॲसॅसिनमधून चालवून बघतात, गुण कमी होईपर्यंत दुरुस्त करतात. हा प्रश्न पतसंस्थेच्या सभेत एका सदस्यांनी विचारला होता. तो योग्यच होता आणि त्याला आम्ही अर्धवट उत्तर दिलं होतं. पूर्ण उत्तर असं:

उघडा असतो तो सांगाडा. त्यातले नियम शिळे होतात, म्हणून ते सतत बदलले जातात. स्पॅमॲसॅसिनचे स्वयंसेवक नवे नियम स्वतःकडच्या हाताने निवडलेल्या चांगल्या-वाईट मेलवर चालवून बघतात, त्या निकालांवरून कोणत्या नियमाला किती गुण द्यायचे हे पुन्हा ठरतं आणि ते अपडेट सर्व्हरवर रोज उतरवता येतात. ज्याने दोन वर्षं अपडेट केलेलं नाही त्याचा फिल्टर खरोखरच स्पॅमवाल्याच्या हातातलं खेळणं असतो.

उघडी नसते ती तुमची शिकवण. पावसच्या बागायतदाराच्या मेलमध्ये 'पेटी', 'फायटो', 'हॉर्टिनेट', 'रायवळ', 'कॅनिंग' हे शब्द चांगल्या मेलचे आहेत हे त्याच्या फिल्टरला कळतं. हर्णैच्या मासळी व्यापाऱ्याच्या फिल्टरला 'पापलेट' आणि 'बर्फ' ओळखीचे. बाहेरून उतारे चिकटवणाऱ्याला हे शब्द ठाऊक नसतात. तो दुसऱ्या कुठल्या तरी देशातली बातमी चिकटवतो, जी तुमच्या पत्रव्यवहारात कधी आलेलीच नसते, आणि तिचा त्याला काही उपयोग होत नाही. म्हणून आम्ही सगळ्यांसाठी एकच आठवण न ठेवता गिऱ्हाइकागणिक वेगळी ठेवतो. सर्व्हरला थोडा भार पडतो, पण यात आम्ही काटकसर करणार नाही.

आम्ही 'स्पॅम' बटण दाबतो त्याने खरंच काही होतं का?

होतं, आणि सगळ्यात जास्त तेच उपयोगी पडतं. तुम्ही बटण दाबलं की तो मेल शिकण्याच्या खात्यात जातो. फिल्टरची ही शिकलेली बाजू किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल पाहिल्याशिवाय तोंडच उघडत नाही, दोन्ही फिल्टरांत मूळ आकडा हाच आहे. नव्या गिऱ्हाइकाला पहिला महिना जास्त त्रास होतो तो यामुळे.

चांगले मेल शिकवणं लोक विसरतात. नुसता स्पॅम दाखवलेल्या फिल्टरला सगळीकडे स्पॅमच दिसतो. चुकून अडकलेला मेल स्पॅमच्या फोल्डरमधून उचलून इनबॉक्समध्ये टाका. तेवढं केलं की आमच्याकडे तो आपोआप 'चांगला' म्हणून शिकला जातो.

आणि एक विनंती. ज्या दुकानाच्या, बँकेच्या, शेतीमासिकाच्या यादीत तुम्ही स्वतः नाव नोंदवलंत त्यांचे मेल कंटाळा आला म्हणून स्पॅममध्ये टाकू नका. तिथे खाली यादीतून नाव काढायची सोय असते, ती वापरा. नाहीतर फिल्टर त्या भाषेला स्पॅम समजायला लागतो आणि एक दिवस तुमच्या बँकेचं खरं पत्र अडकतं. अनोळखी स्पॅममधली 'नाव काढा' ही लिंक मात्र दाबू नका. ती दाबली की पत्ता जिवंत आहे एवढंच त्यांना कळतं.

फिल्टरला मराठी कळतं का?

पूर्वी फारसं कळत नव्हतं. हे फिल्टर इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिले गेले होते. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं होतं आणि जुन्या आवृत्त्यांना तो अक्षरांचा गठ्ठा म्हणजे कचरा वाटायचा. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्पॅमॲसॅसिन ४.० ने युनिकोडची हाताळणी मुळापासून सुधारली. आरस्पॅमडी शब्द तोडायला आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी वापरतो, त्यामुळे 'आंब्याच्या' हा एक शब्द म्हणून मोजला जातो. स्पॅमॲसॅसिनच्या भाषा ओळखणाऱ्या जोडणीच्या यादीत मराठी आहे, संस्कृत आणि नेपाळीही आहेत. छोट्या मेलवर ती गोंधळते, म्हणून तिला आम्ही फार थोडे गुण दिले आहेत.

खऱ्या अडचणी तीन आहेत. पहिली, जुन्या फॉन्टमधले मेल. ग्रामपंचायत, छापखाना, काही वकील अजून युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये टाइप करून मजकूर मेलमध्ये चिकटवतात. आपल्याला स्क्रीनवर मराठी दिसतं, फिल्टरला चिन्हांची खिचडी दिसते, आणि स्पॅमवाले मुद्दाम करतात त्या मोडतोडीशी ती जुळते. असे मेल पाठवणाऱ्यांना युनिकोडमध्ये टाइप करायला सांगा, तोवर त्यांचा पत्ता आम्हाला कळवा. दुसरी, रोमन लिपीतली मराठी: तिचं स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. यावर शिकवण्याशिवाय उपाय नाही, पण शिकवल्यावर ती आश्चर्य वाटावं इतकी चांगली ओळखली जाते.

तिसरी अडचण आम्हाला उशिरा कळली. स्पॅमवाले शब्दांच्या मधे न दिसणारी, शून्य रुंदीची अक्षरं घालतात, म्हणजे वाचणाऱ्याला शब्द अखंड दिसतो आणि फिल्टरला तुटलेला. त्यावर आम्ही अशी अक्षरं मोजणारा एक नियम घरीच लिहिला. दोन दिवसांत एका होमस्टेचे चांगले मराठी मेल अडकायला लागले. शोधलं तेव्हा कळलं की 'किनाऱ्यावर', 'दुसऱ्या', 'येणाऱ्या' या शब्दांतला अर्धा 'र' काही कीबोर्ड र, हलन्त आणि एक शून्य रुंदीचं जोडअक्षर अशा रीतीने लिहितात. मराठी नीट लिहिणारी माणसं आमच्या नियमात गुन्हेगार ठरली होती. समुद्रकिनाऱ्यावरच्या होमस्टेच्या मेलमध्ये 'किनाऱ्यावर' हा शब्द किती वेळा येत असेल! आता तो नियम देवनागरी अक्षरांमधली ती जोडणी सोडून देतो, फक्त रोमन अक्षरांमधली मोजतो. असे नियम दूर बसलेल्या कोणाला सुचणार नाहीत, ते आपणच लिहायला हवेत आणि उघडे असल्यामुळे ते लिहिता येतात.

नव्या माणसाचा पहिला मेल पाच-दहा मिनिटं उशिरा का येतो?

थोड्या संशयास्पद अनोळखी सर्व्हरला आपला सर्व्हर म्हणतो, "आत्ता नाही, थोड्या वेळाने या." नियम पाळणारा सर्व्हर पुन्हा येतो. घाईत लाखो मेल टाकून पळणारा प्रोग्राम बहुधा येत नाही. ही युक्ती २००३ पासूनची आहे. स्पॅमवालेही आता पुन्हा यायला शिकले आहेत, तरी त्या पाच मिनिटांत त्यांचं नाव एखाद्या काळ्या यादीत, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरच्या यादीत, चढलेलं असतं, म्हणून ती अजून उपयोगी आहे. ओटीपीचे मेल यात अडकू नयेत म्हणून नेहमीच्या बँकांना आम्ही सूट दिली आहे.

वादळात वीज गेली, सर्व्हर बंद होता. त्या दिवसांतले मेल गेले का?

साधारण चार-पाच दिवसांपर्यंत नाही. पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या प्रोग्राममध्ये ही मुदत मूळ सेटिंगप्रमाणे पाच दिवसांची असते. पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत आठवडे गेले तरी वीज आली नव्हती, तिथे पाच दिवस काय पुरणार? त्या अनुभवानंतर आम्ही सर्व्हर जिल्ह्याबाहेरच्या डेटा सेंटरमध्ये हलवला. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा गावात अंधार होता, पण मेल येत राहिले.

लोक विचारतात, मग दुसरा राखीव सर्व्हर का नको? कारण स्पॅमवाले मुद्दाम राखीव दारानेच येतात, तिथे फिल्टर ढिला असतो हे त्यांना माहीत आहे. ठेवायचा तर त्याच्यावरही तितकाच कडक आणि तितकाच शिकलेला फिल्टर हवा.

"अरे, माझो मेल खंय गेलो?" चांगला मेल अडकला तर काय करायचं?

आधी स्पॅमचं फोल्डर बघा. तिथे नसेल तर आम्हाला पाठवणाऱ्याचा पत्ता आणि साधारण वेळ सांगा. दारातून परत गेला असेल तर नोंदवहीत कारणासह दिसतं.

याकडे आम्ही फार गांभीर्याने बघतो. दहा स्पॅम आत आले तर तुमची दहा सेकंदं जातात. एक खरेदीदाराचा मेल अडकला तर पूर्ण सिझनचा व्यवहार जातो. हापूस काही महिनाभर थांबत नाही. म्हणून परत पाठवण्याची मर्यादा आम्ही उंच ठेवली आहे, मधल्या गुणांचा मेल परत न पाठवता फोल्डरमध्ये ठेवतो.

चूक कशी होते याचं एक उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. स्पॅमॲसॅसिनमध्ये एक नियम होता: मेलवरची तारीख फार पुढची असेल तर गुण वाढवा. 'फार पुढची' म्हणजे २०१० किंवा नंतरची, असं कोणीतरी वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. १ जानेवारी २०१० उजाडला आणि जगातल्या प्रत्येक नव्या मेलला दोन ते साडेतीनच्या आसपास गुण फुकट चढले. त्याच दिवशी दुरुस्ती निघाली. ज्यांच्याकडे अपडेट आपोआप उतरत होते त्यांना त्रास कमी झाला, बाकीच्यांचे मेल अडकत राहिले. आपण लिहिलेल्या प्रत्येक नियमाशेजारी आम्ही आता तारीख आणि कारण लिहितो.

आमच्याच नावाने लोकांना स्पॅम जातोय. खातं हॅक झालं का?

कदाचित नाही. पाकिटावर मागे कोणाचंही नाव लिहिता येतं, तसंच ईमेलचं आहे. त्यासाठी तीन सोयी आहेत. एसपीएफ सांगतो की या डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरवरून येऊ शकतात. डीकेआयएम मेलवर अदृश्य सही करतो. डीमार्क सांगतो की ही दोन्ही जुळली नाहीत तर मेलचं काय करायचं. आपल्या सगळ्या डोमेनना तिन्ही लावलेल्या आहेत. नवं डोमेन असेल तर डीमार्क आधी नुसता अहवाल मागण्यापुरता ठेवतो, काही आठवडे अहवाल बघतो आणि मगच 'नाकारा' वर नेतो. तुमचा सीए किंवा बिलाचं सॉफ्टवेअर तुमच्या नावाने मेल पाठवत असेल तर ते आधी सांगा, नाहीतर त्यांचेच मेल बंद पडतील.

पाठवलेल्या मेलमध्ये तुम्ही न पाठवलेले मेल दिसत असतील, तर मात्र खातंच गेलेलं आहे. लगेच फोन करा.

आमचे मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जातात.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. सगळ्या पाठवणाऱ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतो. दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही, शिवाय डीमार्क आणि एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय लागते, आणि तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवावं लागतं. आपल्यातलं कोणी पाच हजारांच्या जवळपासही जात नाही. पण सिझन सुरू झाल्यावर जुन्या वहीतले सगळे पत्ते काढून एकदम भाव कळवायचा, ही सवय सोडा. त्यातले अर्धे पत्ते मेलेले असतात, काही आता स्पॅमवाले पकडायचे सापळे झालेले असतात, आणि एका बागायतदारामुळे सर्व्हरवरच्या सगळ्यांचं नाव खराब होतं. यादी आधी आम्हाला दाखवा.

आपल्या खात्यावरचे सगळे मेल जीमेलला आपोआप पुढे पाठवणंही बंद करा. पुढे जाताना एसपीएफ तुटतो, आणि तुम्हाला आलेला स्पॅम जीमेलला आपल्या सर्व्हरने पाठवल्यासारखा दिसतो.

मी स्वतःचा सर्व्हर चालवतो. काळ्या याद्या काहीच का पकडत नाहीत?

बहुतेक वेळा कारण एकच निघतं: सर्व्हर ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसकडून (डोमेनचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरकडून) विचारतो. स्पॅमहॉस ही काळ्या याद्या चालवणारी संस्था फुकट चौकशी देते, पण अशा सार्वजनिक मार्गाने आलेल्या चौकशीला १२७.२५५.२५५.२५४ असं नकाराचं उत्तर देते. स्वतःच्या सर्व्हरवर अनबाउंड हा डीएनएस प्रोग्राम बसवा आणि त्याच्याकडून विचारा. नकाराच्या या उत्तराला 'यादीत आहे' समजणारी सेटिंगही आम्ही पाहिली आहे, तिथे जगातला प्रत्येक मेल स्पॅम ठरत होता.

खरेदीदाराला आमच्या नावाने 'बँक खातं बदललं' असा मेल गेला. फिल्टरने का नाही पकडला?

हे सगळ्यात वाईट प्रकरण आहे. सविस्तर लिहितो, कारण आम्ही ते जवळून पाहिलं.

एका बागायतदाराला पावसाळ्यात कधीतरी 'मेलबॉक्स भरला आहे, इथे लॉगिन करा' असा मेल आला. पान आपल्याच वेबमेलसारखं दिसत होतं, त्यांनी पासवर्ड टाकला. चोराने काहीच केलं नाही. खात्यात एक नियम लावला की प्रत्येक मेलची प्रत बाहेर जावी, आणि तो थांबला. मार्चपर्यंत वाचत राहिला. आखातातल्या खरेदीदाराशी भाव ठरला, पेट्या किती ते ठरलं, आणि बिल जायच्या दिवशी त्याने खरेदीदाराला नवीन खातं क्रमांक पाठवला. पत्ता हुबेहूब होता, फक्त इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी होते. ते डोमेन त्याने रीतसर विकत घेतलं होतं, एसपीएफ आणि डीकेआयएम रीतसर लावले होते. लिंक नाही, जोडपत्र नाही, भाषा आमच्या माणसाची, कारण त्याचीच जुनी पत्रं समोर ठेवून लिहिलेला मेल. शिवाय तो मेल आपल्या सर्व्हरवर आलाच नव्हता, परस्पर तिकडे गेला. पैसे भरायच्या आधी खरेदीदाराने सवयीने फोन केला म्हणून ते वाचले.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. बाहेर प्रत पाठवणारा नियम कोणी लावला की आम्हाला लगेच सूचना येते. लॉगिनला दुसरी पायरी सक्तीची केली. आणि येणाऱ्या मेलमध्ये आपल्या गिऱ्हाइकांच्या किंवा त्यांच्या नेहमीच्या खरेदीदारांच्या नावाशी एक-दोन अक्षरांनी जवळ जाणारं डोमेन दिसलं की मेलच्या वर ठळक इशारा लागतो. आरस्पॅमडीत लुआ भाषेत असे नियम लिहिता येतात, हा तीस-चाळीस ओळींचा आहे.

तुम्ही करायचं ते हे: खातं बदलल्याचा मेल आला, कोणाचाही असो, तर आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको. खरेदीदारालाही सिझनच्या सुरुवातीलाच फोनवर सांगून ठेवा की आमचं खातं मेलवरून कधीच बदलणार नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

आता एआय शुद्ध मराठीत स्पॅम लिहितं. फिल्टर निकामी होणार का?

पूर्वी वाकडीतिकडी भाषा ही स्पॅमची मोठी खूण होती, ती आता जात चालली आहे. प्रत्येक मेल वेगळ्या शब्दांत लिहिता येत असल्याने ठसे जुळवणंही अवघड होतंय. पण मेल कितीही गोड लिहिला तरी तो कुठून तरी निघावा लागतो, कोणत्या तरी डोमेनचा असावा लागतो आणि शेवटी तुमच्याकडून काहीतरी करून घ्यायचं असतं: लिंक दाबणं, फाइल उघडणं, पैसे भरणं. ही तीन ठिकाणं एआयने बदलत नाहीत, आणि फिल्टरचा भर तिथेच वाढतोय.

आरस्पॅमडीत आता मोठ्या भाषा मॉडेलला विचारायची सोयही आली आहे. आम्ही ती लावलेली नाही. त्यासाठी मेलचा मजकूर बाहेरच्या कंपनीकडे पाठवावा लागेल, आणि पतसंस्थेच्या सभासदांचे मेल आम्ही बाहेर पाठवणार नाही. घरच्या सर्व्हरवर चालणारं छोटं मॉडेल वापरता येतं, पण त्याला लागणारं यंत्र सध्या आपल्या खर्चात बसत नाही.

स्पॅमॲसॅसिन चांगला की आरस्पॅमडी?

दिवसाला शे-दोनशे मेल असतील तर कोणताही. स्पॅमॲसॅसिन पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत आहे, जुना आहे, त्याची माहिती सगळीकडे मिळते, नियम वाचायला सोपे. आरस्पॅमडी वसेवोलोद स्ताखोव यांनी सी भाषेत लिहिला, खूप वेगवान आहे, आणि थांबवून ठेवणं, सही तपासणं, ठसे, शिकणं हे सगळं एकाच जागी आहे. आठवण ठेवायला त्याला रेडिस हा डेटाबेस लागतो. नव्याने सुरू करणाऱ्याला आम्ही आरस्पॅमडी सुचवू. सोबत व्हायरससाठी क्लॅमएव्ही दोघांनाही लागतोच.

फिल्टर फुकट आहे, मग तुम्ही पैसे कशाचे घेता?

सर्व्हरच्या भाड्याचे आणि वेळेचे. रोज सकाळी आमच्यातला एकजण पंधरा-वीस मिनिटं सीमेवरचे मेल, म्हणजे चार ते आठ गुणांमधले, नोंदवहीत बघतो. हे काम बंद केलं तर दोन महिन्यांत फिल्टर बोथट होतो, आम्ही एका गणपतीत गावी गर्दी असताना ते अनुभवलं आहे. ज्यांना हा व्याप नको त्यांनी मोठ्या कंपनीची मेल सेवा घेणं योग्यच आहे, आम्ही स्वतः काही जणांना तसं सांगितलं आहे.

वर्षातून एकदा काय करता?

आंबा संपल्यावर, जून-जुलैत मेल कमी असतात तेव्हा मोठी अपडेट करतो. वर्षभरात एकदाही न लागलेले आमचे घरचे नियम काढून टाकतो. खरेदीदारांची यादी नवी करतो, त्यावरून सारख्या दिसणाऱ्या डोमेनचा इशारा चालतो. त्यासाठी या सिझनमध्ये जोडलेल्या नव्या खरेदीदारांचे पत्ते आणि अडकलेल्या चांगल्या मेलच्या तारखा ३१ जुलैपर्यंत कळवा. फोनवर सांगितलं तरी चालेल, आम्ही लिहून घेऊ.